दोन उजेडांच्या मधली जागा

रिमोट हातात घ्या. बटण दाबू नका अजून.

तळहातात मावेल एवढाच आहे. पातळ, हलका, 21 बटणांचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, आर्डुइनो शिकायला म्हणून जी किट मिळतात त्यांत बहुधा हाच असतो.

नवा असेल तर खालच्या कडेतून प्लॅस्टिकची एक पट्टी डोकावत असेल. सेलला तिनं अडवून धरलंय. हलकेच ओढा.

आली हातात.

सेल जोडला गेला. पण काही घडलं नाही. दिवा लागला नाही, आवाज आला नाही. आतली चिप झोपलेलीच आहे. कुणी बटण दाबेपर्यंत ती झोपूनच राहणार. म्हणून तर हा एवढासा सेल महिनोन्‌महिने पुरतो.

तुम्हीही बसा जरा. पाठ टेकवा. हात मांडीवर. रिमोटचं वजन जाणवतंय का, बघा.

फारसं नाहीच.

आता समोर, टेबलाकडे.

निळा आर्डुइनो उनो आहे. शेजारी ब्रेडबोर्ड. दोघांमध्ये तीन वायरी. आणि ब्रेडबोर्डावर, तीन पायांवर उभा असलेला, एका अंगानं फुगीर असा एक काळा तुकडा. नखाएवढाही नाही.

हा रिसीव्हर. दुकानात टीएसओपी 1738 म्हटलं की काउंटरमागचा माणूस मान वर न करता डबी उघडतो.

आज याच्याजवळ बसायचं आहे. पंखा लागेल, दिवा लागेल, ते होईल मागाहून. घाई नाही.

त्याच्या तीन पायांकडे पाहा.

एक ग्राउंडला. एक 5 व्होल्टला. तिसरा सांगण्यासाठी. कोणता पाय कुठला, हे जातीजातीत बदलतं, म्हणून जोडायच्या आधी डेटाशीट उघडून बघितलेलं बरं. एवढं एकदा बघितलं की मग विसरून जा.

तिसऱ्या पायाजवळ थांबा.

त्यावर या क्षणी 5 व्होल्ट आहेत. कुणी काही सांगत नसतं तेव्हा या व्होल्टेजची रेघ वर असते. निरोप आला की खाली येते. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. वाटू दे.

ती रेघ मनासमोर धरा. सरळ. वर. न हलणारी.

श्वास घ्या. रेघ तशीच.

श्वास सोडा. रेघ तशीच.

आणखी एकदा. हळू.

आता आजूबाजूचा उजेड पाहा. गॅलरीतून ऊन येत असेल. फरशीवर त्याचा एक तुकडा पडला असेल. त्या उन्हात तुम्हाला जे दिसतं त्याहून बरंच काही आहे.

1800 साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून ऊन पाडलं आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. मग एक थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे सरकवला, जिथे काहीच रंग नव्हता. पारा तिथे सगळ्यांत वर चढला. हर्शेल तरुणपणी वाद्यं वाजवून पोट भरत. आकाश, दुर्बिणी हे सगळं नंतरचं.

तो बिनरंगाचा उजेड म्हणजे अवरक्त किरण. तुमच्या फरशीवरही तो पडलाय. पाहा तिकडे. दिसणार नाही. तरी पाहा.

रिसीव्हरचं काळं प्लॅस्टिक नेहमीचा उजेड अडवतं आणि हा आत सोडतं. म्हणजे खोलीभर पसरलेलं ऊन त्याच्या आत शिरतं आहे, आत्ता, सतत.

तरी रेघ वरच आहे.

का हलत नाही ती?

उत्तर शोधू नका. फक्त पाहत राहा. ऊन किती स्थिर आहे ते पाहा. ढग आला तरी ते सावकाश मंद होतं, सावकाश परत येतं.

रिसीव्हरला स्थिर उजेडाशी देणंघेणं नाही. सेकंदाला 38,000 वेळा लुकलुकणारा उजेडच तो मोजतो. बाकी सगळं आलं तसं जाऊ देतो. आणि अशी लुकलुकही न थांबता येतच राहिली, तर तिच्याकडेही तो हळूहळू काणाडोळा करायला लागतो. त्याला लुकलुक हवी, आणि ती मधूनमधून थांबायलाही हवी.

हा 38 चा आकडा कुठून आला, ते जाता जाता सांगतो. जुन्या रेडिओत 455 किलोहर्ट्झ ही एक ठरलेली कंपनसंख्या असायची. त्यासाठीचे भाग ढिगानं बनत, म्हणून स्वस्त मिळत. रिमोट बनवणाऱ्यांनी तेच उचलले आणि 12 ने भागले. 37.9 येतात. आजोबांच्या रेडिओच्या पोटातला आकडा असा रिमोटच्या पोटात आला.

परत या. काळा तुकडा. वर असलेली रेघ.

श्वास घ्या. सोडा.

आता अंगठा उचला.

1 लिहिलेल्या बटणावर ठेवा. नुसता ठेवा. बटणाचा किंचित उंचवटा अंगठ्याला लागतोय. त्याच्या खाली तांब्याच्या दोन रेघा आहेत, एकमेकींना न टेकलेल्या. त्यांच्यात केसाएवढी फट आहे.

दुसऱ्या हातात मोबाइल घ्या. समोरचा कॅमेरा चालू करा, सेल्फीचा. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा हे किरण अडवणारी काच असते, समोरच्याला बहुतेक नसते. रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे करा.

दाबा.

पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका फडफडतो. मोबाइल बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी पाहा. काही नाही. परत पडद्यात पाहा. आहे.

डोळ्याला साधारण 700 नॅनोमीटरपर्यंतचा उजेड दिसतो. हा 940 चा. असा उजेड इतके दिवस खोलीत ये-जा करत होता, टीव्हीकडे, एसीकडे, आणि तुम्ही त्याच्यामधून चालत होता.

मोबाइल ठेवून द्या आता. त्याचं काम झालं.

रिमोट रिसीव्हरकडे करा. आणि एकदा, नेमकं एकदाच, 1 दाबा आणि सोडा.

झालं.

रेघ खाली आली, वर गेली, खाली आली, वर गेली आणि पुन्हा वर स्थिरावली. सगळं मिळून 68 मिलिसेकंद. तुमच्या एका संथ श्वासात असे पन्नासएक निरोप सहज मावतील.

एवढ्या वेगात आपल्याला काही कळायचं नाही. म्हणून काळ सैल करू या.

एका मिलिसेकंदाला एक सेकंद देऊ. तेवढंच. मग हा निरोप एक मिनिट आणि वर आठ सेकंद चालेल. बसून ऐकण्याजोगा होईल.

डोळे मिटा, किंवा त्या काळ्या तुकड्यावर ठेवा.

अंगठा खाली जातो.

उजेड.

नऊ सेकंद उजेड. नऊ सेकंद रेघ खाली. मनात मोजा. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ.

ही हाक आहे. यात अजून काही सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याला जागं करण्यापुरती.

आता अंधार. साडेचार सेकंद.

एक. दोन. तीन. चार. आणि अर्धा.

या साडेचार सेकंदांत कुणी बोलत नाही. हाक आणि बोलणं यांच्यामध्ये ठेवलेली ही मोकळी जागा. एनईसी नावाच्या जपानी कंपनीच्या अभियंत्यांनी ती मोजूनमापून ठेवली आहे. मला या सबंध रचनेत ती फार आवडते. हाक मारून लगेच बोलायला लागणारी माणसं आपल्याला रोज भेटतात.

आता बोलणं सुरू होईल.

उजेड, अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त. मग अंधार, तेवढाच.

पुन्हा उजेड, तेवढाच. अंधार, तेवढाच.

ऐका.

उजेड. छोटी जागा.

उजेड. छोटी जागा.

उजेड. छोटी जागा.

असं आठ वेळा होतं.

मग काहीतरी बदलतं. काय बदलतं ते पाहा.

उजेड. मोठी… जागा.

उजेड. मोठी… जागा.

असं आठ वेळा.

उजेडात काही फरक पडला का?

पडला नाही. तो होता तेवढाच आहे. अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त, प्रत्येक वेळी, काटेकोर. बदलली ती उजेडानंतरची जागा. आधी ती उजेडाएवढीच होती, आता तिप्पट झाली आहे.

छोटी जागा म्हणजे शून्य. मोठी जागा म्हणजे एक.

भजनात टाळ धरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. घाव तोच असतो, मधलं अंतर बदललं की ठेका बदलतो.

तुम्ही इतका वेळ कदाचित उजेडाकडे लक्ष देत होता. साहजिक आहे. आता लक्ष हलकेच तिथून काढा आणि दोन उजेडांच्या मध्ये ठेवा.

तिथेच राहू या थोडं.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो. दोहोंच्या मध्ये एक बारीकसं थांबणं आहे. ते लांबवू नका, धरून ठेवू नका. आहे ते फक्त लक्षात घ्या.

पुन्हा आत. पुन्हा ते थांबणं. पुन्हा बाहेर.

निरोप पुढे चालला आहे.

पहिल्या आठ जागा छोट्या होत्या. तो रिमोटचा पत्ता, शून्य. पुढच्या आठ मोठ्या होत्या. तोच पत्ता, उलटा करून सांगितलेला. आता बटणाची पाळी. 1 लिहिलेल्या बटणाची.

उजेड. छोटी जागा.

उजेड. छोटी जागा.

उजेड. मोठी… जागा.

उजेड. मोठी… जागा.

आणि मग चार छोट्या. एक, दोन, तीन, चार.

यातल्या पहिल्या जागेची किंमत 1. दुसरीची 2. तिसरीची 4. चौथीची 8. पुढेही दुप्पट, दुप्पट. मोठी जागा आली तर किंमत धरायची, छोटी आली तर सोडायची.

तिसरी मोठी होती. चौथी मोठी होती. 4 आणि 8.

12.

बटणावर 1 छापलंय, आणि ते स्वतःला 12 म्हणवतं. बनवणाऱ्यानं ठरवलं, एवढंच कारण. त्यात खोल काही शोधू नका.

12 ऐकू आला. तो क्षणभर मनात राहू दे.

कारण रिमोट अजून थांबलेला नाही. जे सांगितलं ते तो आता उलटं सांगतो आहे. जिथे छोटी होती तिथे मोठी, जिथे मोठी होती तिथे छोटी.

उजेड. मोठी… जागा.

उजेड. मोठी… जागा.

उजेड. छोटी जागा.

उजेड. छोटी जागा.

आणि चार मोठ्या.

हे 243 होतात. 12 आणि 243, मिळून 255. बेरीज जुळली की निरोप खरा. मधूनच कुणी चालत गेलं, ऊन चमकलं, इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबनं लुडबूड केली, तर बेरीज चुकते आणि सगळं बोलणं निमूट सोडून दिलं जातं. पंखा वेडावाकडा लागत नाही. फक्त लागत नाही. मग तुम्ही पुन्हा दाबता.

उलटं सांगण्यात आणखी एक गंमत आहे. प्रत्येक निरोपात सोळा छोट्या जागा येतात आणि सोळाच मोठ्या. बटण कुठलंही दाबा. म्हणून प्रत्येक बटणाला सारखाच वेळ लागतो. 68 मिलिसेकंद. आवाज वाढवायला तेवढेच, सगळं घर बंद करायला तेवढेच.

एक गोष्ट राहिली.

बत्तिसावी जागा मोठी होती. ती सुरू झाली. पण ती संपली हे कसं कळणार? तिच्यानंतर कुणी काही बोललंच नाही, तर ती नुसती पसरत जाईल.

म्हणून शेवटी एक उजेड.

अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त. त्यात काही सांगायचं नाही. शेवटच्या जागेला काठ मिळावा, एवढ्यासाठी तो आहे.

उजेड.

आणि रेघ वर.

श्वास घ्या. सोडा. डोळे मिटले असतील तर उघडा, सावकाश.

सगळेच रिमोट असं बोलत नाहीत, हे खरं. सोनीच्या रिमोटात जागा तेवढ्याच राहतात आणि उजेड लांब-आखूड होतो. फिलिप्सच्या आरसी-5 मध्ये उजेडातून अंधारात जाणं की अंधारातून उजेडात येणं, यावर सगळं चालतं. आणि 1956 मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीनं जो रिमोट विकायला आणला, त्यात उजेडच नव्हता, सेलही नव्हता. बटण दाबलं की आत एक छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर पडायची. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा नाद उठायचा. टीव्ही तो ऐकायचा.

आपल्या हातातला रिमोट एनईसीच्या पद्धतीचा. आपण याच्याजवळच राहू.

आता ऐकणाऱ्याकडे वळा.

रिसीव्हर आकडे जाणत नाही. त्याचं काम रेघ खालीवर करण्यापर्यंतच. 12 हा आकडा तयार होतो तो निळ्या आर्डुइनोच्या मधोमध बसलेल्या काळ्या चिपमध्ये. ॲटमेगा 328पी. सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके.

तिच्याकडे पाहा. स्थिर दिसते.

आपण सैल केलेल्या काळातही तिचे ठोके मोजता येणार नाहीत इतके दाट आहेत. पण ती प्रत्येक ठोक्याला रेघेकडे बघत नाही. आयआररिमोट नावाची लायब्ररी वापरली, तर दर 50 मायक्रोसेकंदांनी एकदा बघते. सैल काळात सांगायचं तर सेकंदाला वीस वेळा. दर वेळी एकच प्रश्न.

खाली की वर?

खाली.

खाली की वर?

खाली.

नऊ सेकंदांच्या त्या हाकेत तिनं 180 वेळा विचारलं. 180 वेळा उत्तर आलं, खाली. मग साडेचार सेकंदांत 90 वेळा, वर. मग छोट्या उजेडात अकरा वेळा खाली. छोट्या जागेत अकरा वेळा वर.

आणि मोठ्या जागेत 34 वेळा वर.

11 की 34. चिपला कळतं ते एवढंच. पण त्यासाठी तिला प्रत्येक जागेत शेवटपर्यंत थांबावं लागतं. अकरावर पोचताच निकाल देऊन चालत नाही. पुढे अजून शांतता असू शकते.

खरं तर आकडे इतके नेटके येतही नाहीत. रिसीव्हर उजेड थोडा ताणतो, आणि त्याच्या मागची जागा तेवढी आक्रसते. 12 आणि 10 येतात. 12 आणि 33. लिहिणाऱ्यांनी प्रोग्रॅममध्ये त्यासाठी जागा सोडलेली असते. थोडं पुढेमागे झालं तरी धरून घ्यायचं. काटेकोर 11 चा हट्ट धरणारा प्रोग्रॅम कुठल्याच घरात चालायचा नाही.

हे विचारणं ऐका. मनात, त्याच लयीत.

खाली की वर?

वर.

खाली की वर?

वर.

निरोप संपून काही मिलिसेकंद नुसतं वर, वर, वर आलं, की चिप समजते, बोलणं संपलं. संपल्याचा वेगळा शब्द नाही. मग ती मोजलेल्या जागा समोर मांडते आणि बेरीज पाहते.

तुम्ही मात्र बटण सोडलं नाही, असं समजा.

अंगठा तिथेच आहे. सैल काळात 68 सेकंद सरले. अजून चाळीस सेकंद शांतता. मग पुन्हा उजेड. नऊ सेकंद.

तुम्हाला वाटेल, आता पुन्हा पत्ता येणार, पुन्हा 12 येणार.

ऐका.

अंधार. पण या वेळी सव्वादोन सेकंदच. मघाचा निम्मा.

एक छोटा उजेड.

आणि काही नाही.

यात पत्ता नाही. आकडा नाही. अंगठा अजून तिथेच आहे, इतकंच. जोवर दाबून धराल तोवर हेच, पुन्हा पुन्हा, खऱ्या काळात सेकंदाला नऊच्या वर वेळा.

आवाज वाढवायचा असेल, दिवा मंद करायचा असेल, तर हे कामाचं. एका बटणावर दिवा लावायचा आणि त्याच बटणावर विझवायचा असेल, तर मात्र प्रोग्रॅमला सांगावं लागतं की याकडे लक्ष देऊ नकोस. नाहीतर दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो, दिव्याची कळ चालवणारा रिले कटकट करत राहतो आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी विचारतं, काय चाललंय रे तिथे?

अंगठा उचला.

शांतता.

आता एक करून पाहा. रिमोट रिसीव्हरकडे धरू नका. उलटा करा. मागच्या भिंतीकडे. चुन्याची पांढरी भिंत असेल तर उत्तम. दाबा.

बहुतेक वेळा निरोप पोचतो. भिंतीवर आपटून, छतावर आपटून, दोन-तीन वाटांनी. प्रकाशाला तीन मीटरची खोली ओलांडायला 10 नॅनोसेकंद पुरतात. चिपचा एक ठोका पडायला 62.5 लागतात. तिच्या दोन ठोक्यांच्या मध्ये उजेड खोलीत जाऊन, आपटून, परतून येतो.

आता दार लावून घ्या आणि पलीकडच्या खोलीतून दाबा.

काही होत नाही.

विटेच्या भिंतीतून तो जात नाही. या खोलीतलं बोलणं या खोलीत राहतं. हल्ली आवाजावर चालणारी यंत्रं घरात आली आहेत. त्यांना सोय म्हणून चोवीस तास कान टवकारून बसावं लागतं, आणि आपणही मग जरा सांभाळून बोलतो. हा काळा तुकडा शब्द ऐकत नाही. त्याच्यासमोर भांडा, रडा, घोरा. रेघ वर.

म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी मला हाच छोटा रिमोट बरा वाटतो. रात्री हाक मारून कुणाला उठवायला नको. अंगठा हलला की पुरे.

या, परत बसा.

रिसीव्हर. तीन पाय. वर असलेली रेघ.

12 ओळखला गेला आहे. आर्डुइनोची दुसरी एक पिन आता रिलेच्या बोर्डाला खूण करेल. निळ्या चौकोनी डबीत तारेचं वेटोळं आहे. त्यात प्रवाह शिरला की ते चुंबक होतं आणि एका पत्र्याला खेचून घेतं. पत्रा हलतो आणि टेकतो.

टक्.

हा आवाज ऐकण्यासाठी काळ सैल करावा लागत नाही. तो आपल्या मापाचा आहे.

पत्र्याच्या पलीकडे 230 व्होल्ट आहेत. त्या बाजूला स्क्रू पिळायचा तो मेन बंद करून, आणि जाणत्या माणसाला शेजारी घेऊनच. इथे संथपणा हवाच, पण आधी मेन बंद.

पंखा हलतो. पाती दिसतात, मग पुसट होतात. वारा कपाळाला लागतो. लागू द्या.

आता अंगठा 2 वर न्या.

या बटणाचा आकडा 24 आहे. किमती तुम्हाला ठाऊक आहेत. 1, 2, 4, 8, 16, आणि पुढे दुप्पट. 24 व्हायला कोणत्या जागा मोठ्या हव्यात, ते दाबायच्या आधीच मनात मांडा. तीन छोट्या, मग दोन मोठ्या, मग पुन्हा तीन छोट्या. मग तेच उलटं.

मांडून झालं असेल तर दाबा.